मोजक्या पैशांत पहिली रायफल: जुनी फाइनवेर्कबाऊ ३०० एस

हाताशी पैसे मोजके आहेत आणि दहा मीटर एअर रायफल मनापासून शिकायची आहे, अशा माणसाला मी एकच नाव सुचवते: फाइनवेर्कबाऊ ३०० एस. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या या कंपनीने सत्तरच्या दशकात ती आणली. आता नवी मिळत नाही, वापरलेलीच घ्यावी लागते. मीही वापरलेलीच घेतली आणि सराव आजही तिच्यावरच करते.

पहिल्यांदा रायफल घेणारा सहसा वेग विचारतो. डब्यावर जितका मोठा आकडा, तितकी रायफल भारी असं वाटतं. कागदावर नेम धरायचा तर त्या आकड्याचा उपयोग नाही. मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या रायफलचा, छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास जातो आणि दहा मीटरला तेवढं पुरतं. जास्त ताकदीच्या स्प्रिंगचा झटका मात्र दर वेळी खांद्यावर आणि नेमावर बसतो. टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्यामुळे त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवा. एवढ्याशा जागेसाठी खेळायचं तर झटका कमी, ट्रिगर स्वच्छ आणि साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, भरवशाची हवी. या तिन्ही बाबतींत ३०० एस आजही खणखणीत आहे.

हिच्यात स्प्रिंग आहे, पण साध्या स्प्रिंग रायफलसारखी ती उसळत नाही. उजव्या बाजूचा लीव्हर मागे ओढला की स्प्रिंग दाबली जाते आणि छर्रा ठेवायची जागा उघडते. ट्रिगर दाबला की नळीसकट सगळी यंत्रणा दस्त्यातल्या रुळांवर किंचित मागे सरकते आणि झटका तिथेच जिरतो. दस्ता गालाशी तसाच स्थिर राहतो. पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची मागची साइट, यंत्रणेवर बसवलेली असल्यामुळे तीही डोळ्याकडे सरकते. नव्या माणसाने डोळा साइटला अगदी चिकटवू नये, मधे थोडी जागा ठेवावी. मला तर तिचं हे सरकणं फार आवडतं. बार झाल्यावरही पुढच्या साइटच्या रिंगमधला टार्गेटचा काळा गोल समोरच दिसतो. नेम कुठे होता आणि सुटताना कुठे गेला, ते तिथल्या तिथे कळतं. शिकणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा हलका आणि मोकळा, मग बोट अडतं. तिथून पुढे जरासा दाब वाढवला की बार सुटतो, मधे कुठे खरखर नाही की ओढाताण नाही. आजच्या स्वस्त रायफलींमध्ये असा ट्रिगर मला सापडलेला नाही.

आता अडचणी. पहिली वजनाची. साइटसकट ती पाच किलोच्या जवळपास जाते. स्पर्धेच्या साडेपाच किलोच्या मर्यादेत ती बसते, पण बारीक अंगाच्या मुलाला किंवा मुलीला उभ्याने पेलणं जड जातं. त्यांच्यासाठी ज्युनिअर आणि मिनी अशी मॉडेल्स निघाली होती, तीच शोधावीत. दुसरी अडचण जास्त जाणवते. प्रत्येक बारानंतर रायफल खाली घेऊन लीव्हर ओढायचा, म्हणजे जमवलेली पोझिशन दर वेळी मोडायची. सामन्यात पंचाहत्तर मिनिटांत साठ बार मारायचे असतात आणि शेवटच्या वीस बारांत खांदा भरून येतो. हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या पीसीपी रायफलमध्ये हा त्रास नाही. पण तिथे रायफलीबरोबर हवा भरायची सोयही लागते: हातपंप, मोठी टाकी किंवा भरून देणारं कोणीतरी. शिवाय सिलिंडरला मुदत असते. जुनी पीसीपी स्वस्तात मिळाली तरी सिलिंडरवरची तारीख आधी पाहा. मुदत संपलेला सिलिंडर बदलावा लागला तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

घेताना घाई नको. मागची पीप साइट आणि पुढच्या साइटच्या रिंगा सोबत आहेत का, हे सगळ्यात आधी विचारा. साइटशिवायची रायफल स्वस्त वाटते, पण चांगली साइट वेगळी घ्यायला गेलं की खरी किंमत कळते. मग छर्रे घेऊन बसा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच बार मारा, पाचही मिळून एकच भोक दिसायला हवं. आता साइटचा स्क्रू दहा क्लिक (एकेक खटका म्हणजे एक क्लिक) उजवीकडे फिरवा, पाच बार मारा. दहा क्लिक परत आणा, पुन्हा पाच मारा. हा तिसरा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, पहिल्यावरच बसला पाहिजे. तो सरकला तर साइटचे आटे झिजलेत असं समजा. लीव्हर ओढताना आत काही घासतंय का तेही ऐका. पिस्टनची रिंग धातूची असल्यामुळे सहज झिजत नाही, पण आतलं रबर वयाने कुजतं आणि त्याचा चुरा होतो. ते बदलता येतं. मात्र उघडून नीट जोडणारा माणूस आधी शोधून ठेवा, रायफल मग घ्या.

एक सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. छर्रा ठेवताना दुसऱ्या हाताने लीव्हर घट्ट धरून ठेवायचा, सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर बोट जाईल. आत छर्रा नसताना बारही करायचा नाही. मधे छर्र्याची अडवणूक नसली की पिस्टन पुढे आदळतो आणि यंत्रणेचं नुकसान होतं. रायफल बाळगायचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते पैसे देण्याआधी पाहा.

बजेटमधले सगळे पैसे रायफलीतच घालू नका. काही छर्र्यांसाठी राखून ठेवा. छर्र्यांच्या डोक्याचं माप डब्यावर लिहिलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१. फरक शतांश मिलिमीटरचा, पण प्रत्येक नळीची पसंती वेगळी. माझ्या रायफलीला ४.५० चे चपट्या डोक्याचे छर्रे मानवतात. त्यांनी कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. तुमच्या नळीला कदाचित दुसरं माप रुचेल, म्हणून आधी दोन-तीन मापांचे लहान डबे घ्या, पिशवीवर टेकवून ग्रुप बघा आणि जे जुळेल त्याचेच मोठे डबे आणा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव संपला की हात साबणाने धुवा, मगच खायला बसा. स्टीलचे गोळे या नळीत कधीही घालू नका, आतल्या खाचा खराब होतात आणि नळी बदलणं परवडणारं नाही.

डावखुऱ्यांसाठी वेगळी रायफल यायची, पण वापरलेल्यांत ती क्वचितच दिसते. मिळाली तर साइटची तीच क्लिकची परीक्षा घ्या आणि दस्ता गालाला बसतो का ते उभं राहून बघा.