कोणत्या सर्व्हरचा बॅकअप, किती वेळा? साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यासाठी तुलना

बॅकअपचं सॉफ्टवेअर घेताना बहुतेक मालक एकच प्रश्न विचारतात: सगळ्या सर्व्हरचा रोज होईल ना? होतो. पण ईआरपीच्या (बिलं, स्टोअर, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरला रोज एकदा घेऊन भागत नाही, आणि प्रिंट सर्व्हरचा रोज घेतला तर डिस्कची जागा आणि रात्रीचे तास वाया जातात. म्हणून इथे एकेक सर्व्हर वेगळा घेतला आहे. डोळ्यांसमोर भोसरी-चाकण पट्ट्यातला कारखाना आहे: एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं ईआरपी, ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर, एक डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन खाती आणि पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर), हजेरीचा सर्व्हर, प्रिंट सर्व्हर आणि फायरवॉल.

प्रत्येकाबद्दल आधी दोन गोष्टी विचारा. किती तासांचं काम पुन्हा करणं परवडेल? आणि हे मशीन किती वेळ बंद राहिलं तर चालेल? पहिल्या उत्तरावर बॅकअप किती वेळा घ्यायचा ते ठरतं, दुसऱ्यावर कसा घ्यायचा ते. उत्तरं आयटीवाल्याने देऊ नयेत. डिस्पॅच, स्टोअर आणि अकाउंट्सच्या माणसांकडून घ्यावीत.

ईआरपी: रात्री एकदा की दर पंधरा मिनिटांनी?

समजा दुपारी चारला डिस्क गेली आणि हाताशी फक्त काल रात्रीचा बॅकअप आहे. तो चढवला की आजची चलनं, इनव्हॉइस, स्टोअरच्या नोंदी सगळं गेलं. त्या पुन्हा टाइप करता येतील, पण खरी अडचण पुढे आहे. सकाळी निघालेल्या इनव्हॉइसचे नंबर गिऱ्हाइकाकडे पोचलेत, ई-वे बिलं पोर्टलवर तयार झालीत, आणि रिस्टोअर केलेलं ईआरपी मात्र कालच्या नंबराच्या पुढून सुरू होऊन तेच नंबर नव्या मालाला देणार. हा गुंता सोडवताना अकाउंट्सचे कित्येक दिवस जातात.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा फुल (सगळ्याचा), रोज रात्री डिफरन्शियल (त्या फुलनंतर बदललेल्याचा) आणि शिफ्ट चालू असताना दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींचा), ही रचना कितीतरी बरी. लॉगची फाइल लहान असते, कामाला अडथळा होत नाही, आणि कोणी ११ वाजून ४२ मिनिटांनी चुकून रेट मास्टर उडवलं तर ११:४१ पर्यंतचा डेटा परत आणता येतो. त्यासाठी डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेल या सेटिंगवर हवा. सिंपलवर असेल तर लॉग बॅकअप घेताच येत नाही. उलट मॉडेल फुल ठेवून लॉग बॅकअप लावलाच नाही, तर लॉगची फाइल फुगत फुगत डिस्क भरते आणि ईआरपी बंद पडतं. एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्स्प्रेस आवृत्ती वापरत असाल तर तिच्यात एजंट (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा भाग) नसतो. वेळापत्रक विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावावं लागतं.

एका गोष्टीकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. ईआरपीचा वेंडर दुपारी येतो, तपासणीसाठी फुल बॅकअप घेतो आणि पेन ड्राइव्हवर टाकून निघून जातो. त्या क्षणापासून रोजचा डिफरन्शियल त्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलवर टेकतो, तुमच्या आठवड्याच्या फुलवर नाही. म्हणून बाहेरच्या माणसाने घेतलेला बॅकअप ‘कॉपी ओन्ली’च (रोजच्या साखळीला धक्का न लावणारा) असला पाहिजे. वेंडरला हे लेखी द्या.

फाइल सर्व्हर: इन्क्रिमेंटल की डिफरन्शियल?

इथे प्रश्न आकाराचा आहे. ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल मिळून दोन टीबी धरले, तर एक गिगाबिटच्या नेटवर्कवर फुल बॅकअपला पाच तास सहज लागतात. तोच डेटा १०० एमबीपीएसच्या इंटरनेट लाइनवरून क्लाउडवर पाठवायचा तर जवळपास दोन दिवस. रोज फुल हा पर्याय इथेच बाद होतो. आपल्याकडे एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते, ती फुलसाठी वापरा.

मधल्या दिवसांचं काय? इन्क्रिमेंटल फक्त आदल्या बॅकअपनंतर बदललेलं उचलतो, त्यामुळे रोजचं काम लवकर आटोपतं. डिफरन्शियल गुरुवारनंतर बदललेलं सगळं दर रात्री उचलतो, म्हणून दिवसागणिक वाढतो. फरक कळतो तो रिस्टोअरच्या वेळी. बुधवारी सर्व्हर गेला तर इन्क्रिमेंटलला फुल आणि शुक्रवार ते मंगळवारच्या पाचही फाइल धड लागतात. रविवारची खराब निघाली तर सोमवार-मंगळवार असून उपयोग नाही. डिफरन्शियलला फुल आणि मंगळवारची, अशा दोनच फाइल पुरतात. रात्रीचे तास पुरत असतील तर माझा कौल डिफरन्शियलला. रोज खूप डेटा बदलत असेल आणि सॉफ्टवेअर साखळी स्वतः तपासत असेल, तर इन्क्रिमेंटल घ्यायला हरकत नाही.

दुपारी कोणी ड्रॉइंग ओव्हरराइट केलं तर विंडोजच्या शॅडो कॉपी (फाइलच्या आधीच्या स्थितीच्या प्रती) कामाला येतात. त्या जरूर चालू ठेवा. पण त्यांना बॅकअप समजू नका. त्या त्याच सर्व्हरवर असतात आणि रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) बहुधा आधी त्याच पुसतं.

डोमेन कंट्रोलर: सगळ्यात लहान, सगळ्यात दुर्लक्षित

यावर बिलं नसतात, ड्रॉइंग नसतात, म्हणून यादीत तो शेवटी येतो किंवा येतच नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं झोपवलं, तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं होतं. मर्स्ककडे बऱ्याच सर्व्हरचे बॅकअप होते. डोमेन कंट्रोलरचा नव्हता. ते एकमेकांची प्रत ठेवतात, म्हणून वेगळ्या बॅकअपची गरज कोणाला भासली नव्हती. सगळे एकदमच पुसले गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती.

दुसरा डोमेन कंट्रोलर असणं आणि बॅकअप असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एकावर झालेली चूक मिनिटांत दुसऱ्यावर पोचते. सिस्टिम स्टेटचा (डोमेनची खाती आणि सेटिंग यांचा) बॅकअप रोज घ्या. तो काही जीबींचाच असतो. जुना ठेवून उपयोगही नाही: सर्वसाधारण सेटिंगनुसार १८० दिवसांपेक्षा जुन्या बॅकअपवरून डोमेन उभं करता येत नाही.

बाकीचे

प्रिंट सर्व्हर सोडून द्या. ड्रायव्हर आणि पोर्टची यादी लिहून ठेवली की तो अर्ध्या दिवसात नव्याने उभा राहतो. हजेरीच्या सर्व्हरचा आठवड्यातून एकदा पुरेसा आहे, मात्र पंचिंग मशीन स्वतःच्या मेमरीत किती दिवसांच्या नोंदी ठेवतं ते आधी पाहून घ्या. फायरवॉल आणि स्विचच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप तारखेनुसार नको, प्रत्येक बदलानंतर हवा. फायरवॉलच्या लॉगचं वेगळं: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते १८० दिवस जपावे लागतात.

ऑफिसातलं नॅस की बाहेरची प्रत?

रिस्टोअरच्या वेगात नॅसला (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीला) तोड नाही. पण ते डोमेनला जोडलेलं असेल आणि ॲडमिनचाच पासवर्ड तिथेही चालत असेल, तर सर्व्हरबरोबर तेही लॉक होतं. त्याला वेगळं खातं, वेगळा पासवर्ड द्या. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा बॅकअपही त्याच आवारात असलेल्या काही गिऱ्हाइकांच्या हाती काहीच उरलं नाही. निदान ईआरपी आणि डोमेन कंट्रोलर यांची एक प्रत रोज आवाराबाहेर गेलीच पाहिजे. ड्रॉइंगसाठी दोन एक्स्टर्नल डिस्क आलटून पालटून नेल्या तरी चालतं.

आणि ‘सक्सेसफुल’ मेलवर विसंबू नका. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हता आणि तो फसल्याचे मेलही कोणाला पोचत नव्हते. दर तीन महिन्यांनी ईआरपीचा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर चढवून कालचं शेवटचं इनव्हॉइस दिसतंय का ते पाहा.

किती दिवस ठेवायचे?

रोजचे निदान तीस ठेवा, कारण घुसखोर आत आल्यावर कित्येक दिवस गप्प बसतो आणि मग आठवड्याभराचे बॅकअप सगळेच बाधित निघतात. महिन्याचे बारा. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या बाबतीत तुम्हाला निवड नाही: ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, आणि वह्या आठ आर्थिक वर्षं जपायच्या आहेत. म्हणून ३१ मार्चचा बॅकअप वेगळा काढा आणि ज्या आवृत्तीत तो घेतला तिचा सेटअप आणि लायसन्सही सोबत ठेवा. आठ वर्षांनी ती फाइल नव्या ईआरपीत उघडेल याची खात्री कोणताच वेंडर देत नाही.