पठारावरच्या बंगल्यासाठी पाम: फॉक्सटेल, रॉयल, बॉटल आणि शिंदी यांचा रिव्ह्यू

हल्ली बंगल्यासाठी पाम हवाय म्हटलं की नर्सरीवाले आधी फॉक्सटेल दाखवतात. देखणा आहेच तो. सरळ करडं खोड, वर गुळगुळीत हिरवा दंड आणि चारही बाजूंनी पाती फुटलेल्या भरगच्च झावळ्या. पण पुणे, नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात प्लॉटवर खोल काळी माती असेल तर फॉक्सटेल घेऊ नका. त्याच पट्ट्यात मुरमाड, उताराची जागा असेल तर मात्र मध्यम उंचीत याच्या तोडीचा पाम नाही.

हा पाम मूळचा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या केप मेलव्हिलचा. शास्त्रीय नोंद झाली ती १९८३ साली. तिथे तो ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या दगडांमध्ये वाढतो, म्हणजे मुळांना भरपूर पाऊस चालतो पण साचलेलं पाणी चालत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगून हवा कोंडते, उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते आणि बहुतेक ठिकाणी तिच्यात चुनखडी असते. सामू (पीएच) ८ च्या वर गेला की मँगनीज आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. याची खूण शेंड्याकडे दिसते. नवं पान आधीच्या पानापेक्षा आखूड येतं, पाती सुरकुतलेल्या, टोकं करपलेली, आणि खालची जुनी पानं मात्र ठीक. माळ्याला वाटतं पाणी कमी पडतंय. तो पाणी वाढवतो आणि मुळं आणखी गुदमरतात.

झाड आधीच लावलेलं असेल तर मँगनीज सल्फेट लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात नव्या पानांवर फवारा, आळ्यातही द्या, आणि पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवा. खराब झालेलं पान सुधारत नाही, फरक पुढे येणाऱ्या दोन-तीन पानांत कळतो. पूर्ण वाढलेला फॉक्सटेल ३० फुटांपर्यंत जातो आणि पान ८ ते १० फुटांचं होतं, म्हणून भिंतीपासून किमान ८ फूट सोडा. वाळलेलं पान आपोआप गळतं, कापायला शिडी लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

रॉयल पामबद्दल सरळच सांगतो. अर्ध्या-एक गुंठ्याच्या प्लॉटवर तो नकोच. गेटच्या दोन्ही बाजूंना जोडी लावायची पद्धत पडली आहे. दहा-बारा वर्षांनी तीच जोडी स्लॅबच्या वर गेलेली असते आणि १० ते १२ फुटांची जड झावळी देठासकट गाडीवर येते. उंची ६० फुटांच्या पुढे जाते. वरून महावितरणची तार जात असेल तर विषयच संपला. फार्महाउसच्या लांब रस्त्याला, दोन झाडांत १५ ते २० फूट ठेवून, ठिबकचं भरपूर पाणी असेल तर त्याच्याइतका रुबाब कुणालाच नाही. काळी माती आणि ओलावा तो फॉक्सटेलपेक्षा बरा सोसतो, पण पाण्याचा ताण पडला की पानं लहान येतात आणि खोड त्या जागी बारीक राहतं. पामचं खोड मागाहून भरून येत नाही, त्यामुळे एका दुष्काळी वर्षाची ती आवळलेली खूण कायम दिसते.

छोट्या अंगणाला बॉटल पाम योग्य. मॉरिशसजवळच्या बेटावरचा हा पाम १० फुटांच्या आसपास थांबतो, वाढतोही अगदी हळू. अडचण खरेदीत आहे. बॉटल पाम म्हणून रॉयलचीच रोपं सर्रास दिली जातात, कारण लहानपणी त्याचंही खोड बुडाशी फुगीर असतं. ओळखायचं असं: खऱ्या बॉटल पामला एका वेळी चार-सहाच पानं असतात, ती ताठ कमान करून वळलेली असतात आणि कोवळ्या झाडाच्या देठांवर लालसर-नारिंगी झाक असते. रॉयलचं रोप हिरवंगार, पानं जास्त आणि मऊ, आणि वाढ झपाट्याची. दोन वर्षं एकाच नर्सरीत असून दोन फुटांचं राहिलेलं रोप महाग सांगतात, ते त्याच्या संथ वाढीमुळे, आणि तो दर वाजवी आहे. स्पिंडल पाम हा त्याचा भाऊबंद थोडा उंच जातो. तोही चांगला.

शेजारच्या खिडकीपासून आडोसा हवा असेल तर अरेका पाम. ३ ते ४ फुटांवर एक लावा. पण पिशवीत डोकावून पाहा. वीस-पंचवीस काड्या कोंबून भरलेली पिशवी आज दाट दिसते, पुढे त्यातल्या निम्म्या काड्या एकमेकींत गुदमरून वाळतात. पाच-सहा जाड खोडांची पिशवी घ्या. बोअरच्या जड पाण्याने अरेकाच्या पानांची टोकं करपतात. त्यावर औषध नाही, पावसाचं साठवलेलं पाणी अधूनमधून भरपूर देऊन क्षार खाली धुवावे लागतात.

आता ज्या पामबद्दल कुणी विचारतच नाही, तो शिंदी. दख्खनच्या ओढ्याकाठी शेकडो वर्षं उभा असलेला हा पाम चुनखडी, खारं पाणी, ४२ अंशांचं ऊन आणि मार्चनंतरचा पाण्याचा खंड हे सगळं सोसतो. सुगरणी त्यावर घरटी बांधतात. खोडावर देठांच्या बुडख्यांची जी नक्षी उरते ती विकतच्या कुठल्याही विदेशी पामला नाही. आमच्या मते काळ्या मातीच्या मोठ्या अंगणासाठी ही सगळ्यात शहाणी निवड आहे. मर्यादाही स्पष्ट आहेत. देठाच्या बुडाशी सुईसारखे लांब काटे असतात, म्हणून मुलं खेळतात तिथे आणि पायवाटेला नको. घेर १२ ते १५ फुटांचा. फळं फक्त मादी झाडाला लागतात. ओढ्याकाठची उपटून आणू नका, नर्सरीतलं पिशवीतलं झाड मागा. ते साठ्यात कमी असतं, मागणी नोंदवावी लागते.

शिंदीला आणि नारळाला सोंड्या भुंग्याचा धोका असतो. मादी ताज्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या खोड आतून पोखरतात. खोडावर भोक, त्यातून आंबूस वासाचा तपकिरी चिकट स्राव आणि चघळल्यासारखा भुसा दिसला की उशीर झालेला असतो. म्हणून हिरवी झावळी तोडायची नाही, आणि खोडाला लायटिंगचा खिळा तर कधीच ठोकायचा नाही. आंबा-चिंचेची जखम भरून येते, तशी पामची येत नाही.

कोकणात हा सगळा हिशोब बदलतो. तिथे जांभ्याच्या मातीत फॉक्सटेल छान येतो आणि सावलीच्या ओलसर कोपऱ्याला भेरली माड आहे. फक्त भेरली माडाला वरून खाली फुलोरे येऊन गेले की झाड मरतं आणि त्याच्या फळांनी अंगाला भयंकर खाज सुटते, हे माहीत असू द्या. सायकस आणि ट्रॅव्हलर्स पाम हे पाम नव्हेतच. घरात कुत्रा असेल तर सायकस टाळा, त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे.

खरेदी पुण्याजवळ उरुळी कांचनच्या बाजूला करा किंवा आंध्रातल्या कडियमहून ट्रकने मागवा, तपासायची जागा एकच: शेंड्याची न उघडलेली सुरळी. ती हलक्या हाताने ओढून पाहा. हातात आली किंवा बुडाशी कुजकट वास आला तर झाड मेलेलंच समजा, कारण पामला दुसरा शेंडा फुटत नाही. उंची विचारताना खोडाची उंची वेगळी विचारा. १२ फुटी म्हणून दिलेल्या झाडात कधीकधी खोड दीड फुटाचंच असतं, बाकी पानं.

लावणी जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर. ३ × ३ × ३ फुटांचा खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर खड्ड्यात लावूच नका, मुरूम मिसळलेल्या मातीचा फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. भरायला दोन घमेली पोयटा माती, एक घमेलं बारीक मुरूम, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत हे प्रमाण ठेवा. पिशवीतला मुळं-मातीचा गोळा न फोडता ठेवायचा आणि त्याचा वरचा काठ जमिनीच्या पातळीला यायला हवा. खोल गाडलेला पाम उभा राहतो खरा, पण मुळं गुदमरून दोन-तीन वर्षांत शेंडा बारीक होत जातो. बाहेरून आलेल्या झाडाचा गोळा बऱ्याचदा इतका घट्ट असतो की पाणी बाजूने निघून जातं, म्हणून पहिले दोन महिने पाणी देताना पाईप गोळ्यावरच धरा. आधाराला तीन बांबू, खोडाभोवती गोणपाट, बांधायला सुतळी.

खत देताना पालाश (पोटॅश) नत्रापेक्षा (नायट्रोजनपेक्षा) जास्त हवं आणि मॅग्नेशियम विसरायचं नाही. नत्र ८, स्फुरद (फॉस्फरस) २, पालाश १२, मॅग्नेशियम ४ असं प्रमाण पामना मानवतं. लॉनला टाकलेला युरिया पामच्या मुळांपर्यंत जातो, पालाश कमी पडतं आणि जुन्या पानांवर नारिंगी ठिपके येतात. ती पानं पिवळी दिसतात म्हणून माळी कापतो. कापू देऊ नका, त्यातलं पालाश झाड वरच्या पानांसाठी ओढून घेत असतं. पूर्ण तपकिरी झाली की मगच काढा.