आठ महिने भारी पत्ते जोरात खेळून पाहिले

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि आमची डोंबिवलीची सहा जणांची टोळी पुन्हा टेबलाभोवती जमू लागली. दर शनिवारी नो-लिमिट होल्डम, म्हणजे पोकर: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे सामाईक पाच, आणि कितीही लावायची मुभा. पैसे अजिबात नाहीत, प्रत्येकाला २००० चिप्स, ब्लाइंड (डीलरच्या पुढच्या दोघांनी आधीच टाकायच्या सक्तीच्या चिप्स) १०-२०. दिवाळीपासून मी एकच नियम पाळतोय: एक्के, राजे, राण्या, गुलाम यांची जोडी किंवा एक्का-राजा आला की नुसता कॉल करायचा नाही (समोरच्याएवढंच टाकायचं नाही), रेजच करायची, म्हणजे रक्कम वाढवायची. या पत्त्यांचा प्रत्येक डाव वहीत टिपलाय.

आधीची सवय तीन पत्तीची. गणपतीच्या जागरणात ट्रेल लागली की चेहऱ्यावर काही न दाखवता हळूच चाल टाकायची, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. होल्डममध्ये ते महागात पडतं, कारण हातात पत्ते आल्यावरही टेबलावरचे पाच पत्ते उघडायचे बाकी असतात. समोर एकच भिडू असेल, त्याचे पत्ते कुठलेही असोत, तर एक्क्यांची जोडी शंभरात साधारण ८५ वेळा जिंकते. पाचही भिडू शेवटपर्यंत राहिले तर तेच प्रमाण शंभरात साधारण ४९ वर येतं. वीस-वीस चिप्समध्ये सगळ्यांना आत घेणं बंद केलं, हा पहिला फायदा.

दुसरा मला उशिरा कळला. जानेवारीत राजांची जोडी आली. माझ्याआधी एकाने २० टाकले होते, मी १०० केले. फक्त बिग ब्लाइंडवरचा (सक्तीचे २० टाकलेला) मावसभाऊ राहिला, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) २३०. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) राणी, सत्ती, तिर्री. मी १५०, त्याने कॉल. टर्नला (चौथा पत्ता) दुर्री, मी ३५०, कॉल. रिव्हरला (पाचवा पत्ता) नव्वी. मी ८०० लावले. त्याने चिप्सची थप्पी दोनदा उचलून खाली ठेवली आणि शेवटी पुढे सरकवली. त्याच्या हातात राणी-गुलाम होते, म्हणजे राण्यांची जोडी; माझे राजे वरचढ. त्याच्याकडून १४०० आले. घरी जाऊन वहीत हाच डाव रेज न करता मांडला: पॉट ७० पासून सुरू, दर वेळी पॉटच्या तेवढ्याच हिश्श्याची बेट, तर शेवटी त्याच्याकडून जेमतेम ४१५ आले असते. सुरुवातीची रेज पुढच्या प्रत्येक बेटला वाढवत नेते, हे तो हिशेब मांडल्यावर खऱ्या अर्थाने डोक्यात शिरलं.

आता तक्रारी. असे पत्ते फार कमी येतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा, आणि आमच्या एका रात्रीत शंभरेक डाव होतात. बाकी वेळ पॅक करत बसायला धीर लागतो. तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळ्यांनी मला ओळखलंही. मी रेज केली की सगळे पॅक, टेबल रिकामं. तेव्हापासून डीलरच्या जागेवर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळायची जागा) असताना थोडे हलके पत्तेही तेवढ्याच रकमेने रेज करतो. पत्ता कितीही भारी असला तरी रक्कम बदलायची नाही, हे मी आता कटाक्षाने पाळतो.

आणि कधी सोडायचं, ते हा नियम सांगत नाही. फेब्रुवारीत एक्के घेऊन दश्शी-नव्वी-अठ्ठीच्या फ्लॉपवर बेट केली, समोरून मोठी रेज आली, मी ऑल-इन, उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे. तो आमच्यातला सगळ्यात सावध भिडू, सहा महिन्यांत त्याने पोकळ रेज केलेली मी पाहिली नव्हती, तरी मी हात सोडला नाही. त्याच्याकडे अठ्ठ्यांची जोडी होती, म्हणजे तीन अठ्ठ्या. माझे २००० एका डावात गेले. मे महिन्यात जवळपास तसाच फ्लॉप, तोच भिडू, तशीच रेज. यावेळी मी राजे पालथे टाकून डाव सोडला.

एक्का-राजाचं गणित बसलंय: फ्लॉपवर तीनातल्या दोन वेळा जोडी लागत नाही, हे धरूनच चालतो. गुलामांच्या जोडीचं अजून जमत नाही. निम्म्याहून जास्त वेळा फ्लॉपवर राणी, राजा नाहीतर एक्का येऊन बसतो. वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड त्याच पानावर आहे. सध्या अशा फ्लॉपवर एकदा बेट करतो आणि कॉल आला की चेक करतो, पुढे काही लावत नाही.