बीटा पेशीचे सिम्युलेशन: ग्लुकोजपुरते चोख, पुढे अपुरे

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी गेले वर्षभर स्वादुपिंडातील, इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशीचे एक सिम्युलेशन सॉफ्टवेअर वापरत आहे, आणि त्याच्या एका गुणासाठी ते मी आवर्जून सुचवीन. साखर वाढल्याचे या पेशीला कळते ते मुख्यतः बाहेरच्या ग्राहीमुळे (रिसेप्टरमुळे) नव्हे, तर ग्लुकोज आत घेऊन त्याचे ज्वलन केल्यामुळे, ही गोष्ट ते डोळ्यांसमोर घडवून दाखवते. ग्लुकोजची पातळी लिटरला 3 मिलिमोलवरून वाढवत नेली, तर 5 च्या आसपासपर्यंत पेशी जवळजवळ शांत असते. पुढे एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे एडीपी या त्याच्या वापरलेल्या रूपाशी असलेले प्रमाण वाढते, पोटॅशियम बाहेर जाण्याची दारे, म्हणजे पोटॅशियम चॅनल, मिटतात, पेशीपटलाचा उणे 70 मिलिव्होल्टच्या जवळपासचा विद्युतविभव चढू लागतो, कॅल्शियम आत शिरते आणि इन्सुलिनच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पटलाशी एकरूप होऊन रिकाम्या होतात. ग्लुकोजच्या ज्वलनाची पहिली पायरी घडवणारे एन्झाइम ग्लुकोकायनेज 8 मिलिमोलच्या सुमारास निम्म्या वेगाने चालते, म्हणूनच जेवणानंतरचे चढउतार त्याला टिपता येतात. फळ्यावर आलेख काढून जे समजावता येत नव्हते, ते इथे सरकपट्टी हलवताच समजले. मॅनोहेप्ट्युलोज देऊन हेच एन्झाइम रोखले की बाहेर भरपूर ग्लुकोज असूनही स्राव थंडावतो, आणि टोल्ब्युटामाइड हे मधुमेहावरचे औषध दिले की ग्लुकोज न वाढवताही चॅनल मिटतात.

इतर उद्दीपकांकडे वळल्यावर मात्र निराशा होते. जीएलपी-1 या आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकाचे बटण दाबताच 3 मिलिमोल ग्लुकोजवरही इन्सुलिन वाहू लागते, आणि ही चूक मला गंभीर वाटते, कारण हे संप्रेरक सायक्लिक एएमपी या पेशीतील संदेशवाहक रेणूमार्फत स्राव वाढवते ते ग्लुकोज पुरेसे असतानाच, आणि त्यावर आधारित औषधे एकटी घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरण्याची भीती कमी असते तीही त्यामुळेच. आर्जिनिन आणि ल्युसिन या अमिनो आम्लांना एकाच खुणेने दाखवले आहे. वास्तविक आर्जिनिन स्वतःचा धनभार घेऊन आत येते आणि थेट विभव बदलते, तर ल्युसिन ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमला चालना देऊन ज्वलनाच्याच वाटेने जाते. मेदाम्ले तर यादीतच नाहीत.

सर्वांत खटकले ते एका जुन्या प्रयोगाच्या बाबतीत. डायझॉक्साइड या औषधाने पोटॅशियम चॅनल उघडे ठेवून आणि जास्त पोटॅशियमने कॅल्शियम आत आणून मग ग्लुकोज वाढवले, तर खऱ्या पेशीत स्राव आणखी वाढतो, म्हणजे चॅनलखेरीज ग्लुकोजची दुसरी, वर्धक वाटही आहे. सॉफ्टवेअरमध्ये आलेख सपाटच राहतो. आता हा सपाट आलेख मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो आणि त्यात काय गाळले आहे ते त्यांनाच शोधायला लावतो.