रॅगवीडचा कोर्स आणि कुडाळचे डोळे: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी कुडाळ तालुक्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचं छोटं दुकान चालवते आणि आठवड्यातले दोन दिवस एका डोळ्यांच्या दवाखान्यात बसते. गेल्या ऑक्टोबरात डोळ्यांच्या मोसमी ॲलर्जीवरचा एक परदेशी ऑनलाइन कोर्स घेतला. नाव देत नाही, कारण तक्रारीही करणार आहे. कोर्स संपला त्याच दिवशी पाच स्टार देऊन मोकळं होता आलं असतं, पण मी मुद्दाम थांबले. मोहोर, भाजावळीचा (भातशेतीआधी जमीन भाजण्याचा) धूर आणि मे महिन्याची सुट्टी एवढं सगळं पार पडल्यावर लिहितेय.

आधी तक्रारी उरकते. व्हिडिओ डाउनलोड होत नाहीत, आणि चाचणी अर्ध्यात तुटली की पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. परतीच्या पावसात लाइट जात होती, त्या आठवड्यात मी एकच चाचणी तीनदा दिली. प्रमाणपत्र मिळतं, पण ते तिकडच्या लायसन्सच्या नूतनीकरणाला लागणाऱ्या तासांत धरलं जातं. इथे ते फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरतं. (लावलंय. गिऱ्हाईकं कौतुकानं बघतात.)

खरी अडचण निघाली ती ऋतूंची. कोर्समधलं वर्ष असं चालतं: वसंतात झाडांचे पराग, उन्हाळ्यात गवताचे, आणि ऑगस्टपासून थंडी कडक होईपर्यंत रॅगवीड नावाचं तिकडचं तण. एक अख्खा धडा या रॅगवीडवर. आपलं गाजर गवत त्याच्याच कुळातलं, आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो, हे कळलं तेवढंच हाती लागलं. आमच्याकडचा पेशंट मात्र बोट दाखवतो ते मोहोराकडे. आंब्याचा पराग मुख्यतः माश्या-किड्यांच्या अंगाला चिकटून फिरतो, वाऱ्यावर लांब जात नाही. मग बागेत काम करणाऱ्याचे डोळे डिसेंबर-जानेवारीत लाल का? मी विचारायला लागले, तेव्हा बऱ्याच जणांकडून एकच उत्तर आलं: फवारणी. म्हणजे ती ॲलर्जी नव्हतीच, औषध डोळ्यात जाऊन झालेली जळजळ होती. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनांचं उलट आहे. सुरूचा पराग वाऱ्यावरच जातो, पण त्याच्याबद्दल माझ्याकडे आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

इथे मला स्वतःची भाषा कामाला आली. कोर्समधले डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात की खाज नसेल तर ॲलर्जीचं निदान करताना दहादा विचार करा. बरोबर आहे. पण आपल्याकडे माणूस खाज, जळजळ, चुरचुर, खुपणं, रखरख अशी पाच वेगळी दुखणी सांगतो आणि आपण केसपेपरवर सगळ्यांची एकच ‘इरिटेशन’ लिहून टाकतो. मी ते बंद केलं. आता पेशंटचा शब्द जसाच्या तसा मराठीत लिहिते. काजूच्या कारखान्यातली बाई ‘जळजळ’ म्हणते, कारण काजूच्या टरफलातलं तेल आणि त्याचा धूर झोंबणाराच असतो. उन्हात स्कूटरवरून येणारा ‘चुरचुर’ म्हणतो. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात बोट घालून ‘खाज’ म्हणणारा माणूस वेगळा, त्याला मी पुढचे प्रश्न विचारते: शिंका येतात का, नाक वाहतं का, घरात दमा कुणाला आहे. आणि डोळे आलेल्याचं तिसरंच. एका डोळ्यात सुरू होऊन दुसऱ्यात जातं, सकाळी पापण्या चिकटतात, कानापुढे गाठ लागते, घरातल्या आणखी दोघांना झालेलं असतं. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा ही फोड मला इतकी स्वच्छ करता येत नव्हती. तेव्हा दोघा-तिघांना उगाच आठवडाभर घरी बसवलं असणार.

आता ज्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल झाले ती सांगते. कोर्समध्ये वरची पापणी उलटून बघण्यावर जेमतेम दहा मिनिटांचा व्हिडिओ आहे. कॉलेजात आम्ही हे शिकलो होतो, परीक्षेत केलंही होतं, आणि नंतर विसरलो होतो. दुकानात चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसाची पापणी कोण उलटतं?

फेब्रुवारीत एक आजी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. म्हणाल्या, “बाय, ह्येका सारखी खाज येता. रातीचो झोपणा नाय, नुसतो डोळे चोळीत ऱ्हवता.” मुलाचा सिलिंडरचा (तिरकस) नंबर आदल्या वर्षी एक होता, आता सव्वादोन झालेला. रेटिनोस्कोपीत, म्हणजे डोळ्यात उजेड फिरवून नंबर काढताना, उजेडाची पट्टी कात्रीसारखी उघडझाप करत होती. त्याला खाली बघायला सांगितलं, पापणीचे केस धरले, वरून इअरबडनं हलकेच दाबून पापणी उलटली. आत गुळगुळीत गुलाबी अस्तर असायला हवं. तिथे जांभ्याच्या गडग्यासारखे एकमेकांना चिकटलेले उंचवटे होते आणि त्यांच्यामधून पांढरा दोऱ्यासारखा चिकट स्राव. व्हर्नल कन्जंक्टिव्हायटिस. उष्ण प्रदेशातल्या लहान मुलग्यांचा हा आजार, मोसमी ॲलर्जीचा दांडगा भाऊ म्हणा हवं तर.

आजींना विचारलं, कुठलं ड्रॉप घालता? त्यांनी पिशवीतून बाटली काढली. गावातल्या मेडिकलमधून आणलेली, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र. “ह्या घातला काय लगेच बरा वाटता.” वाटणारच. स्टेरॉइडनं दोन दिवसांत लाली उतरते, म्हणूनच ते महिनोन्महिने चालू राहतं, आणि आतून डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो. त्याच दिवशी मुलाला दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे पाठवलं. प्रेशर वाढलेलं निघालं, पण डोळ्याची नस वाचलेली होती. कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) नकाशा काढला, तिथे सुरुवातीचा केराटोकोनस, म्हणजे हा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं. आता त्याला टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं, मलम चालू आहे आणि चोळणं बरंच कमी झालंय. जानेवारीपर्यंतच्या माझ्या सवयीनं मी त्याला सव्वादोनचा सिलिंडर लावून घरी पाठवलं असतं.

औषधांचा भाग कोर्समध्ये उत्तम आहे, पण तो दुसऱ्या देशाच्या कायद्यावर बेतलेला. अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट ड्रॉप लिहून देतो, आणि ओलोपॅटाडिन हे ॲलर्जीचं ड्रॉप तर तिथे २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे २०२१ च्या कायद्यानं आमच्या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाखाली आणलंय, तरी औषध लिहिणं डॉक्टरांचंच काम, आणि ते तसंच बरं. मला फायदा झाला तो समजावून सांगताना. ओलोपॅटाडिन ०.१ टक्क्याचं असेल तर दिवसातून दोनदा, ०.२ टक्क्याचं एकदाच. बाटली बदलली की लोक जुन्याच हिशेबानं घालतात, म्हणून खोक्यावरचा आकडा मी वाचून दाखवते. क्रोमोग्लायकेट हे ॲलर्जीचं दुसरं ड्रॉप घातल्या घातल्या काही करत नाही, त्याला दिवस-आठवडे लागतात. एप्रिलात त्रास होणाऱ्यानं मार्चमध्येच डॉक्टरांना भेटलेलं बरं. लेन्स वापरणाऱ्या मुलींना सांगते, लेन्स काढा, ड्रॉप घाला, पंधरा मिनिटं थांबा. आणि लाली पटकन घालवणारी स्वस्त ड्रॉप्स सारखी वापरलीत तर बंद केल्यावर लाली दुप्पट होऊन परत येते. गार पाण्याच्या फडक्याचं महत्त्व कोर्सनं सांगायच्या आधी आमच्या आईनं सांगितलं होतं. फक्त तिनं त्यात गुलाबपाणीही घातलं असतं, ते मी वगळते.

कोर्समधलं पराग-कॅलेंडर शेवटी बाजूला ठेवलं आणि दोनशे पानी वही घेतली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची झोडणी आणि पेंढ्याची धूळ. डिसेंबरपासून मोहोर आणि फवारणी. मार्चपासून भाजावळ, त्यातच चिरेखाणींचा तांबडा धुरळा. एप्रिल-मेमध्ये व्हर्नलची मुलं, त्यांत मुंबईहून सुट्टीला आलेलीही. प्रत्येक नोंदीपुढे पेशंटचा शब्द आणि पापणीखाली काय दिसलं ते. हे काही संशोधन नव्हे, पण माझ्या गिऱ्हाइकांसाठी ते कोर्सच्या नकाशापेक्षा खरं आहे.

कुणी घ्यावा? नुकती पदवी घेतलेल्यांनी थांबावं, आधी एखाद्या मोठ्या डोळ्यांच्या रुग्णालयात सहा महिने स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) बसावं. माझ्यासारखी दहा-बारा वर्षं दुकानात नंबर काढून हात आखडलेली माणसं असतील त्यांनी जरूर घ्यावा, पण सवलत लागल्यावर. पूर्ण किमतीत महाग आहे. रॅगवीडचा धडा सरळ पुढे ढकला. पापणीचा व्हिडिओ दोनदा बघा, आणि दुसऱ्यांदा बघताना घरच्या कुणाला तरी समोर बसवा. माझ्या नवऱ्यानं पहिल्या तीन वेळा आरडाओरडा केला, चौथ्यांदा त्याला कळलंही नाही.

सबस्क्रिप्शन सप्टेंबरअखेर संपतंय. तोवर बुरशी आणि धुळीतल्या किड्यांवरचे दोन धडे पुन्हा बघणार आहे, पहिल्यांदा घाईत संपवले होते. वहीतली पावसाळ्याची पानं कोरी आहेत, आणि काल सकाळीच एक बाई पेटीतल्या गोधड्या काढल्यापासून डोळ्यांना खाज येते म्हणून येऊन गेली.