स्पेस इनव्हेडर्स की गॅलागा: आधी कोणता?

या दोन्ही जुन्या व्हिडिओ गेममध्ये तुमचं यान पडद्याच्या तळाशी असतं, फक्त डावी-उजवीकडे सरकतं आणि वरच्या शत्रूंवर गोळ्या झाडतं. नुसती चित्रं बघून निवडायला गेलात तर दोन्ही सारखेच वाटतील. खेळायला बसलात की दहा मिनिटांत फरक कळतो: स्पेस इनव्हेडर्स कोंडीत पकडतो, गॅलागा मोहात पाडतो.

स्पेस इनव्हेडर्स १९७८चा. तोमोहिरो निशिकादो यांनी तो ताइतो कंपनीसाठी बनवला. अकरा-अकराच्या पाच रांगा, म्हणजे ५५ परग्रही, आडवे सरकत जातात आणि कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात. पडद्यावर तुमची एका वेळी एकच गोळी असू शकते. नेम चुकला की ती पार वर जाईस्तोवर हात चोळत बसायचं.

खरी गंमत वेगात आहे. मूळ मशीन एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, एकाच परग्रहीला हलवायचं, त्यामुळे सगळ्यांची एक फेरी व्हायला जवळजवळ एक सेकंद लागायचा. ते जसजसे मरतात, तसतशी फेरी लवकर आटपते आणि उरलेले पळत सुटतात. हा यंत्राचा तोकडेपणा. निशिकादोंनी तो तसाच राहू दिला. सोबत चार सुरांचा घुमणारा ठेका, तोही चढत जातो. शेवटचा एकटा परग्रही सुसाट धावू लागतो तेव्हा ५४ मारल्याचा आनंद औषधालाही उरत नाही. आडोशाला चार बुरूज असतात, पण ते तुमच्या स्वतःच्या गोळ्यांनीही ढासळतात. मुरलेले खेळाडू मुद्दाम बुरुजाला चीर पाडून त्या फटीतून नेम धरतात.

गॅलागा नामको कंपनीचा, १९८१चा. १९७९च्या गॅलॅक्सियन या खेळाचा पुढचा अवतार. इथे शत्रू झुंडीने वळणं घेत येतात, आपापली जागा धरतात आणि तिथून अंगावर सूर मारतात. बुरूज नाहीत, पण एका वेळी दोन गोळ्या मिळतात. वरच्या रांगेतला म्होरक्या मध्येच खाली येऊन थांबतो आणि एक किरण सोडतो. त्यात सापडलात की तुमचं यान त्याचा कैदी. आता तोच म्होरक्या पुन्हा सूर मारत खाली आला की हातातल्या पुढच्या यानाने त्याला टिपायचं. जमलं तर सुटलेलं यान शेजारी येऊन जोडलं जातं आणि मारा दुप्पट होतो. पण तुमची रुंदीही दुप्पट झालेली असते, शत्रूला नेम धरायला सोपी. मी घाईघाईत स्वतःचंच कैदी यान कितीदा उडवलं आहे, हे न सांगितलेलंच बरं.

तिसऱ्या फेरीत आणि पुढे दर चार फेऱ्यांनी ४० शत्रू एकही गोळी न झाडता नुसते मिरवत जातात. सगळे टिपले तर १०,००० गुण. डाव संपला की किती गोळ्या झाडल्या आणि त्यातल्या किती टक्के लागल्या, याचा हिशेबही पडद्यावर येतो.

अटारी कंपनीचा १९७९चा अ‍ॅस्टेरॉइड्स थोडा वेगळ्या घराण्यातला. यान फिरवायचं, जोर द्यायचा आणि पुढे वाहत जाणं सांभाळायचं. ब्रेक नाही. हात बसायला वेळ लागतो, त्यामुळे पहिला खेळ म्हणून मी तो सुचवणार नाही.

एखाद्या संध्याकाळी या प्रकाराची चव घ्यायची असेल तर स्पेस इनव्हेडर्स. त्याचा ताण आजही जुना झालेला नाही, मात्र फेरीमागून फेरी तेच ते होतं. पुन्हा पुन्हा उघडावासा वाटेल असा एकच हवा असेल तर मी डोळे झाकून गॅलागा म्हणेन. यातला कुठलाही फोनच्या काचेवर बोटं घासत खेळू नका. कीबोर्ड किंवा जॉयस्टिक घ्या. आणि गॅलागा घेतलात तर सुरुवातीलाच एक यान मुद्दाम पकडू द्या. फक्त हातातलं शेवटचं देऊ नका, ते गेलं की डाव तिथेच संपतो.