आठ महिने दुधाशिवाय चॉकलेट: वापरानंतरचा अनुभव

गेल्या श्रावणात मी दूध, दही, तूप, पनीर सगळं सोडलं. लहानपणी सुट्ट्या मामांकडे, गोठ्याच्या आसपास जायच्या. गोऱ्ह्यांचं पुढे काय होतं, हे तेव्हा कधी विचारलं नव्हतं. मोठेपणी विचारलं, आणि उत्तर कळल्यावर चहात दूध ओतताना हात थांबायला लागला. चहा दोन आठवड्यांत सुटला. धास्ती होती ती चॉकलेटची. रात्री जेवणानंतर दोन तुकडे तोंडात टाकायची सवय पंधरा वर्षांची.

आता आठ महिने होऊन गेलेत. चॉकलेट सुटलं नाही, आणि सोडायची गरजही नव्हती. पण ते विकत घ्यायची पद्धत पार बदलली.

सगळ्यात आधी 'कोको बटर'बद्दल, कारण आमच्या घरी पहिला वाद त्यावरूनच झाला. मी आणलेलं पाकीट वाचून सासूबाई म्हणाल्या, "अगं, यात बटर लिहिलंय. म्हणजे लोणीच ना?" मी म्हटलं, "आई, तुम्ही टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल लावता ना, ते घट्ट गोळ्यासारखं असतं, तसंच हे." त्यांना लगेच पटलं. कोकोची फळं फणसासारखी थेट खोडावर लागतात. आतल्या बिया पाच-सहा दिवस आंबवतात, वाळवतात, भाजतात, टरफल काढून दळतात. त्या बीचा जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो, तेच कोको बटर. त्यात गायीचा संबंध कुठेच नाही. कोकमाचं उदाहरण मी उगाच दिलं नव्हतं. युरोपच्या नियमांत कोको बटरसोबत चॉकलेटमध्ये थोड्या प्रमाणात वापरायला ज्या सहा वनस्पतिजन्य चरब्यांना परवानगी आहे, त्यांत आपलं कोकमही आहे.

दुधाची जोड तर फार उशिरा आली. मेक्सिकोच्या बाजूचे माया आणि अ‍ॅझ्टेक लोक कोको पाण्यातच घोटून, मिरची घालून प्यायचे. स्पॅनिश लोक येईपर्यंत त्या खंडात गायीच नव्हत्या. मिल्क चॉकलेट १८७५च्या सुमाराचं, स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांचं. हे वाचल्यावर, आपण चॉकलेटमधून काहीतरी काढून टाकतोय ही माझ्या मनातली भावना गेली.

आता चूक सांगते, कारण ती कुणाचीही होऊ शकते. सुरुवातीचे दोन महिने मी एक ठरावीक डार्क चॉकलेट आणत होते. पुढे मोठ्या अक्षरांत 'डार्क', शेजारी टक्केवारी, आणि हिरवा ठिपका. एवढं पुरेसं वाटलं. दिवाळीत फराळाचं सामान आवरताना पाकीट उलटं धरलं, तर घटकांच्या यादीत शेवटून तिसरा शब्द: 'बटर ऑइल'. हे मात्र दुधाचंच. म्हणजे 'कोको बटर' झाडाचं आणि 'बटर ऑइल' गायीचं, आणि दोन्ही एकाच यादीत. मला खरंच वाईट वाटलं, रागही आला. पुढच्या बाजूला सगळं ठळक लिहायचं आणि हे मुंगीएवढ्या अक्षरांत मागे.

त्या दिवसापासून माझ्यापुरते नियम पक्के झाले. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच, त्यामुळे इथे तो काही सांगत नाही. 'डार्क' हा शब्दही सांगत नाही. ७० टक्के म्हणजे दळलेल्या कोकोच्या बिया आणि कोको बटर मिळून ७०. उरलेल्या ३०मध्ये बहुतेक साखर असते, पण दुधाचा अंश नसेलच याची हमी तो आकडा देत नाही. 'कोको सॉलिड्स' चालतात. 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे पावडर', 'मिल्क फॅट', 'बटर ऑइल' ही सगळी दुधाचीच नावं, यांपैकी एकही दिसलं की पाकीट परत फळीवर. पांढरं चॉकलेट तर बघायचंच नाही, त्यात कोको बटर, साखर आणि दूधच असतं. घटकांच्या यादीतल्या ४७६ क्रमांकाला (मिश्रण एकजीव ठेवणारा घटक) मी उगाच घाबरत होते. तो एरंडेलापासून करतात. ३२२ म्हणजे लेसिथिन, तेही त्याच कामाचं, बहुधा सोयाबीनचं. भारतात २०२२पासून व्हीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या, पदार्थांसाठी वेगळे नियम आहेत आणि हिरव्या 'व्ही' अक्षराचं चिन्हही आहे. ते दिसलं की काम सोपं होतं, पण साध्या दुकानांत मला ते फार कमी वेळा दिसलं.

साखरेचाही प्रश्न मला विचारला गेला. अमेरिकेत उसाची साखर शुभ्र करायला काही कारखाने हाडांचा कोळसा वापरतात, म्हणून तिथले व्हीगन साखरेबद्दलही जागरूक असतात. आपल्याकडचे साखर कारखाने मुख्यतः चुना आणि गंधकाच्या धुरीने रस साफ करतात. त्यामुळे इथल्या साखरेच्या चॉकलेटबद्दल मी ती काळजी सोडून दिली.

'दुधाचा अंश असू शकतो' या ओळीवर मी बरेच दिवस अडले होते. ती बहुतेक वेळा त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेटही बनतं म्हणून असते. कुणी मुद्दाम दूध घातलेलं नसतं. मी ते खाते. माझा आक्षेप दूध काढण्याला आहे, यंत्राला चिकटलेल्या कणाला नाही. पण माझ्या भाच्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे आणि त्याला मी त्यातला तुकडाही देत नाही. त्याच्यासाठी तो कणच धोक्याचा. 'व्हीगन आहे ना, मग बाळाला चालेल' असं कुणी म्हणालं तर कृपया ऐकू नका.

स्वयंपाकघरात सगळ्यात उपयोगी पडली ती साधी, बिनसाखरेची कोको पावडर. 'ड्रिंकिंग चॉकलेट' वेगळं, त्यात साखर असते आणि कधी दूध पावडरही. मैदा, कोको, साखर, तेल, पाणी, खायचा सोडा आणि चमचाभर व्हिनेगर, एवढ्यावर केक इतका हलका होतो की मुलीच्या वाढदिवसाला कुणाला कळलंही नाही. वरच्या थरासाठी दाट नारळाचं दूध गरम करून डार्क चॉकलेटवर ओतायचं आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. मग मधून बाहेर ढवळत गेलं की तुळतुळीत मिश्रण होतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तर मात्र गुठळ्या होतात. माझी अख्खी वडी अशी वाया गेली, शेवटी त्याचंच नारळाच्या दुधात गरम पेय केलं.

नाशिकच्या उन्हाळ्यात कोको बटर टिकत नाही, ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं. परत घट्ट झाल्यावर वर पांढुरकी छटा येते. ती बुरशी नव्हे, खायला हरकत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचं तर घट्ट डब्यात, नाहीतर कांद्याचा वास लागतो. स्वस्त 'कंपाउंड' चॉकलेटच्या लाद्या उन्हात टिकतात, कारण त्यांत कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. काहींत दूध नसतंही, पण ती तोंडात मेणासारखी रेंगाळते. मला नाही आवडली.

एक गोष्ट अजून टोचते. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घानामधून येतो. २०२०मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार तिथल्या कोको पिकवणाऱ्या भागांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं या पिकात बालमजुरी करत होती. वासरासाठी दूध सोडायचं आणि या मुलांकडे बघायचं नाही, हे मला जमेना. म्हणून आता शक्यतो भारतातल्या कोकोच्या वड्या घेते. केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या सावलीत कोको होतो. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलच्या मेसन अँड कंपनीची दुधाशिवायची डार्क वडी मला सगळ्यांत जास्त आवडली. पहिल्या तुकड्याला चिंचेसारखी आंबट चव लागते आणि मग कडूपणा येतो. मोठ्या कंपन्यांच्या वडीपेक्षा ती बरीच महाग पडते. मी आठवड्याला एकच आणते, रोज दोन तुकडे, आणि शनिवारी ती संपते. सासूबाई शेवटचा तुकडा आता स्वतःहून मागून घेतात.